ही फाईल आतली खोली वापरत आहे

१

नवं यंत्र घरी आणलं की खोक्यात वरच एक पातळ पुस्तक असतं. लोक ते न वाचता कपाटावर फेकतात आणि यंत्र बिघडलं की घरभर शोधतात. ती पुस्तकं आमच्या घरी तयार होतात. कंपनीकडून इंजिनियरांनी लिहिलेला मजकूर येतो. आम्ही तो माणसांना कळेल अशा भाषेत आणतो, तपासतो, पानं लावतो आणि परत पाठवतो.

'आम्ही' म्हणजे आता मी एकटीच. पूर्वी आई बाहेरच्या खोलीत लिहायची आणि बाबा आतल्या खोलीत तपासायचे. मधे एक भिंत आणि एक दार. दोन कॉम्प्युटर तारेने जोडलेले, पण फाईल एकच, आणि ती एका वेळी एकानेच वापरायची. एकदा दोघांनी एकाच वेळी तिच्यात हात घातला आणि अख्ख्या दिवसाचं काम पुसलं गेलं. त्या दिवशी घरात जे रण माजलं त्यातून एक नियम निघाला. तपासून झालं की बाबा आतून ओरडायचे, "सोडली!" आईने बाहेरून "घेतली!" म्हटल्याशिवाय ते खुर्चीवरून उठायचे नाहीत. एकदा घेतली म्हटलं की पुढे जे काही होईल ते घेणाऱ्याच्या माथी.

आई गेल्यावर तिची खुर्ची माझ्याकडे आली आणि खुर्चीबरोबर तो शब्दही. मी भाजी चिरत असले, फोनवर असले, तरी आतून "सोडली" आलं की माझ्या तोंडून "घेतली" निघून जायचं. धाकटा भाऊ चिडवायचा, "ताई झोपेतसुद्धा घेतली म्हणेल."

लिहायचा प्रोग्रॅम पहिल्यांदा टाकला तेव्हा त्याने वापरणाऱ्याचं नाव विचारलं होतं. आईने 'बाहेरची खोली' लिहिलं आणि बाबांनी 'आतली खोली'. मी हसले तर बाबा म्हणाले, "हसतेस काय? माणसं बदलतात. खोली तिथेच राहते."

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आतल्या खोलीतलं टेबल काढून टाकलं आणि समोरच्या भिंतीशी त्यांचा पलंग आला. कॉम्प्युटर सुट्या भागांसाठी कॉम्प्युटरवाल्याने नेला. त्याने तो उचलला तेव्हा मी स्वतः दार धरून उभी होते. टेबल जिथे होतं तिथे भिंतीवर एक काळपट रेघ राहिली आणि फरशीवर त्याच्या पायांचे डाग. ते डाग घासूनही गेले नाहीत, म्हणून मी नाद सोडला.

२

कागद कापायची मोठाली यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "तुमचा प्रोग्रॅम फारच जुना आहे हो. आमच्याकडे उघडत नाही. नवा घ्या ना."

आमचा प्रोग्रॅम बाबा आदमच्या काळातला, हे कबूल. नवा घेणं भागच होतं. पण जुना आधी काढून मग नवा टाकायचा, की जुना ठेवून शेजारी नवा टाकायचा? साध्या प्रश्नाचा डोंगर करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आजवरची सगळी पुस्तकं जुन्या फॉन्टमधे होती. नव्या प्रोग्रॅममधे ती उघडली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आणि ठिपके दिसतात, असं मी ऐकलं होतं. जुना काढला आणि तसंच झालं तर आई-बाबांचं सगळं काम डोळ्यांदेखत मुकं होणार.

मी सगळ्यांना विचारलं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "ताई, आधी जुनं काढा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." भाऊ म्हणाला, "तू विचार करत बसशील आणि तोवर नवं पण जुनं होईल." दिवसा बाबांची देखभाल करायला एक मावशी येतात. त्या म्हणाल्या, "जुनं काय तुमच्याकडे खायला मागतंय का? पडू दे की एका कोपऱ्यात."

शेवटी मी ठरवलं, हातातलं पुस्तक जुन्यातच लिहून काढू आणि मग बघू. दुपारचं जेवण झालं, आत बाबांचा डोळा लागला, मावशी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या. मी कागद कापायच्या यंत्राची फाईल उघडली. पडद्यावर एक छोटी चौकट आली.

'ही फाईल आतली खोली वापरत आहे.'

खाली नेहमीचे दोन पर्याय होते. फक्त वाचायला उघडा. काम झालं की कळवा.

मी ती चौकट सवयीने बंद केली. रोज पाहिलेली चौकट ती, तिचं काय घेऊन बसायचं? चहा ठेवायला उठले आणि गॅस पेटवता पेटवता माझा हात थांबला. आतल्या खोलीत कॉम्प्युटरच नव्हता.

३

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला तर तो हसला. तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, सगळ्यांना धीर देणारा माणूस. "अहो, प्रोग्रॅम मधेच बंद पडला की मागे एक लपलेली फाईल राहते. तिच्यात जुनं नाव अडकून बसतं. ती पुसून टाका, झालं."

"पण हे पुस्तक तर गेल्या आठवड्यात सुरू केलंय. त्या कॉम्प्युटरने ते कधी पाहिलंच नाही."

तो म्हणाला, "म्हणून तर म्हणतो, जुनं काढा. म्हातारा झालाय तो प्रोग्रॅम. म्हातारपणी नावांची सरमिसळ होतेच."

हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा हवं तर. त्याने सांगितल्याप्रमाणे लपलेली फाईल शोधली, ती होतीच, आणि पुसली. मग बाबांना औषध द्यायला आत गेले.

बाबांच्या पलंगाशी एक लाकडी खुर्ची असते. मावशी तिच्यावर बसून त्यांना भरवतात. ती खुर्ची पलंगापाशी नव्हती. समोरच्या भिंतीशी होती, त्या चार डागांच्या मधोमध, भिंतीकडे तोंड करून. जणू कोणी टेबलाशी बसलं होतं आणि टेबल तेवढं दिसत नव्हतं.

मावशी वरून आल्या तेव्हा मी म्हटलं, "खुर्ची तिकडे कशाला नेलीत?"

"मी कशाला नेऊ? मला वाटलं, तुम्हीच केर काढायला सरकवली."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही विषय बदलला. बाबा जागे होते. ते आढ्याकडे बघत होते, अगदी हट्टाने.

४

चौकट रोज येऊ लागली. दुपारी बाबांचा डोळा लागला की फाईल आतल्या खोलीकडे जायची आणि थोड्या वेळाने खालच्या कोपऱ्यात ओळ उमटायची, 'आतल्या खोलीचं काम झालं. फाईल आता तुमची आहे.' पहिल्यांदा ती ओळ आली तेव्हा मी फाईल उघडली. मजकूर तपासलेला होता. लाल रंगात, समासात टीपा होत्या. 'वाक्य लांबलं.' 'हे आधी सांग, ते नंतर.' 'पातं म्हण, ब्लेड नको.'

हे बाबांचं तपासणं होतं. एक शब्द जास्त नाही, कौतुक तर मुळीच नाही. मी समोर हात बांधून उभी असल्यासारखं मला बोलणी बसत होती आणि मी रडत होते. वर्षभर बाबांनी मला एक अक्षर ऐकवलं नव्हतं.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटलीच नाही. म्हणजे वाटली, पण आनंद तिच्यापेक्षा मोठा होता. मी मनात कारणं रचली. हे जुन्या पुस्तकांतले शेरे असतील, प्रोग्रॅम ते इथे आणून चिकटवत असेल. ते कारण डळमळलं की दुसरं पुढे करायचे: असतील बाबाच. ओठ हलत नाहीत म्हणून काय झालं, डोकं तर शाबूत आहे ना, आणि डोक्याला कुठूनतरी वाट हवीच. असं कधी होत नाही, हे मला कळत होतं. पण भुकेल्याला भाकरी कोणी भाजली याची चौकशी सुचत नाही.

त्या ओळीनंतर आतून "सोडली" कधीच ऐकू आलं नाही. तेवढी एक चुटपुट होती.

जुना प्रोग्रॅम काढायचं मी पुढे ढकलू लागले. भाऊ वैतागला. "ताई, त्या कंपनीला उत्तर दे. काम जाईल हातचं."

"काढते रे. बाबांच्या नावाचं आहे ते, म्हणून."

"बाबांच्या नावाचं काय आहे त्यात?"

काय सांगणार होते मी त्याला? पुस्तकाचा तयार झालेला अर्धा भाग छापून घेतला, न वाचता पाकिटात घातला आणि कंपनीला पाठवून दिला. आतल्या खोलीने तपासलेलं पुन्हा वाचायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

५

पुढचा भाग लिहिताना मागचा एक शब्द हवा होता, म्हणून मागची पानं चाळली. पात्याच्या पानावर आले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पान नीट होतं. वाक्यं छान गुळगुळीत झाली होती. पण मी चौकटीत, जाड अक्षरांत लिहिलेली एक सूचना तिथे नव्हती. 'पातं पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय हात आत घालू नये.'

मी पुढची पानं पाहिली. वीज तोडायची सूचना नव्हती. दोन माणसांनी एकाच वेळी यंत्र चालवू नये, ही सूचना नव्हती. कुठे शेरा नाही, काही नाही. अलगद उचलल्या होत्या.

 बाबा आयुष्यभर एकच गोष्ट बजावत आले. "बाकी चुकलं तर लोक हसतील. सूचना चुकली तर कोणाचं तरी बोट जाईल. सूचना दोनदा आली तरी चालेल, गळता कामा नये." बाबा भ्रमात असते, झोपेत असते, तरी त्यांनी सूचना काढली नसती.

मी सगळ्या सूचना परत घातल्या. दुपारी फाईल आत गेली आणि परत आली. सूचना नव्हत्या. समासात एकच शेरा होता. 'पुन्हा घालू नकोस.'

मी कंपनीच्या बाईंना फोन लावला.  "तो अर्धा भाग छापू नका. त्यात चुका आहेत."

"अजून छापलेला नाही, बरं झालं सांगितलंत. पण उद्यापर्यंत अख्खं पुस्तक पाठवा, आणि नव्या प्रोग्रॅममधेच हं. इथे आता छापील कागद घेत नाहीत."

फोन ठेवून मी आत गेले. मावशी स्वयंपाकघरात होत्या. बाबा जागे होते. बाबांशी आमची भाषा ठरलेली आहे. डोळे मिटले की हो, मान वळवली की नाही.

"बाबा," मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "माझी फाईल तुम्ही तपासता का?"

त्यांनी मान वळवली. नाही.

पण मान वळून थांबली नाही. गळ्याच्या शिरा ताणल्या, उशी सरकली आणि तोंड समोरच्या भिंतीकडे आलं. ते त्या डागांकडे बघत राहिले. मग त्यांचा चांगला हात चादरीतून बाहेर आला आणि त्यांनी माझं मनगट धरलं, लहान मुलं गर्दीत धरतात तसं. बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या पाठीमागे लाकूड करकरलं. खुर्चीवर कोणी बसताना वजन बदललं की होतं, तेवढंच. मी वळून पाहिलं नाही. बाबांचे डोळे तिकडेच होते आणि मला तेवढं पुरे होतं.

६

दुसऱ्या दिवशी बाबांना वाचेच्या उपचारासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. भाऊ गाडी घेऊन आला. त्याने आणि मावशींनी बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी भावाला म्हटलं, "आज त्यांना परस्पर तुझ्याकडेच ने. इथे आणू नको."

"का? काय झालं?"

"खोली रंगवायची आहे."

"आज? ताई, तुझा चेहरा बघ. तू ठीक आहेस ना?"

"जुनं काढून नवं टाकते रे आज. तूच मागे लागला होतास ना?"

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण त्यांतून नुसती हवा येत होती. वर्षभर असंच चाललं होतं, म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "काळजी करू नका, सगळं नीट करते." त्यांनी मान वळवली. पुन्हा वळवली. गाडीचं दार लागलं तरी ते मान वळवतच होते.

घरात मी एकटी उरले. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या घरात कोणी गालिचा झटकत होतं. आतल्या खोलीचं दार मी ओढून घेतलं, खुर्ची कुठे आहे ते न बघता. मग बसले आणि जुना प्रोग्रॅम काढायचं बटण दाबलं.

'हा प्रोग्रॅम सध्या आतली खोली वापरत आहे. थांबायचं, की तसाच काढायचा?'

थांबायचं म्हणजे कशाची वाट बघायची? मी 'तसाच काढा' दाबलं. निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. आतून काही आवाज येतो का म्हणून मी कान लावले. काही नाही. पट्टी भरली, प्रोग्रॅम गेला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नवा टाकला. त्यानेही नाव विचारलं. मी स्वतःचं नाव घातलं. खोल्यांची नावं पुरे झाली.

कागद कापायच्या यंत्राची फाईल उघडली. चौकोन नाही, ठिपके नाहीत, अक्षर न अक्षर शाबूत. मला हसू फुटलं. याच भीतीने मी इतके दिवस घालवले होते! उरलेला भाग रात्री जागून लिहून झालाच होता. गाळलेल्या सूचना मी एकेक करून जागेवर घातल्या, दोनदा वाचल्या आणि फाईल कंपनीला पाठवायला घेतली.

७

'पाठवा' दाबायच्या आधी खालच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. नवा प्रोग्रॅम, नवा रंग, नवी अक्षरं.

'आतल्या खोलीचं काम झालं.'

पुढचं अर्धं वाक्य आलंच नाही. मी त्याची वाट बघत राहिले. आत खुर्ची मागे सरकली, फरशीवर पाय घासत, माणूस काम संपवून उठताना सरकवतो तशी. मग आवाज आला. खणखणीत, थोडा खर्जातला, दुपारच्या कंटाळ्यातून सुटल्यासारखा. अगदी बाबांचा.

"सोडली!"

"घेतली," मी म्हटलं.

मी म्हटलं नाही, ते निघून गेलं, आजवर निघून जात आलं तसंच. शब्द तोंडाबाहेर पडल्यावर मला कळलं की बाबा घरात नाहीत.

फोन वाजला. भाऊ होता. तो हसत होता की रडत होता ते समजत नव्हतं, मागे मावशींचा आवाज, कोणी टाळ्या वाजवत होतं.

"ताई! ताई, बाबा बोलले! आत्ता, या क्षणाला! सगळे बघत होते. दवाखान्याच्या बाई म्हणाल्या, चमत्कार आहे."

"काय बोलले?" मी विचारलं. आतल्या खोलीच्या दाराची कडी खाली होत होती.

"तुझंच नाव घेतलं गं आधी. मग म्हणाले, तिला सांगा, घेतली म्हणू नकोस. स्पष्ट, अगदी पहिल्यासारखे. तेच तेच म्हणतायत, घेतली म्हणू नकोस, घेतली म्हणू नकोस. थांब, त्यांच्या कानाला फोन लावतो. तू बोल त्यांच्याशी. ताई? बोल ना काहीतरी."